पैसे संध्याकाळी

कोटवहिनी एकाही फोटोत दिसत नाही. तरी त्या स्टुडिओतल्या जवळजवळ प्रत्येक शिपायाच्या फोटोत ती आहे. शिपायाच्या मागं, बुटक्या स्टुलावर, मान खाली घालून बसलेली. दोन्ही मुठींत कोटाची पाठ घट्ट धरलेली. एकतीस वर्षं तिनं हेच केलं.

स्टुडिओ भरती कचेरीच्या फाटकासमोर होता. मध्ये फक्त रस्ता. भरती झालेल्या मुलाला गणवेश मिळायचा आठवड्यानं, दूरच्या छावणीत. पैसे मात्र पहिल्याच दिवशी हातावर पडायचे. म्हणजे खिसा शिपायाचा आणि अंगावर सदरा घरचा. घरी पाठवायला फोटो तर शिपायाचाच हवा. म्हणून स्टुडिओनं एक कोट ठेवला होता. निळा, पितळी बटणांचा. एक बँडपथक मोडलं तेव्हा ढोलवाल्याचा कोट मातीमोल भावानं मिळाला होता. ढोलवाला चांगला आडव्या अंगाचा असणार. भरतीला येणारी मुलं मात्र किडकिडीत. त्यांच्या अंगावर तो कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. फोटोग्राफरनं पाठीमागून चिमटे लावून पाहिले. एक चिमटा ऐन वेळी उडाला आणि त्याच्याच कपाळावर बसला.

"त्यापेक्षा तूच धर," तो बायकोला म्हणाला. लग्नाला तेव्हा दहा दिवस झाले होते.

तिनं धरला. पहिल्याच दिवशी तिचं कोपर फोटोत आलं. आठवड्यानं त्या शिपायाची आई फोटो घेऊन आली.

"हे कोपर कुणाचं?"

"माझं," नवी नवरी म्हणाली.

"मग बरं," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, पोरानं जाता जाता लग्न केलं."

तेव्हापासून गल्लीत तिचं नाव कोटवहिनी पडलं. मूळ नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

चेहरे तिच्या नवऱ्यानं पाहिले. तिनं पाठी पाहिल्या. नवरा काळ्या कापडाखाली शिरून "हलायचं नाही" म्हणेपर्यंत मुलाचा चेहरा सावरलेला असायचा. पाठीला कुणी सावर म्हणत नाही. पाठ थरथरायची. एखादी घामानं भिजलेली असायची. कोटवहिनी हळूच म्हणायची, "भाऊजी, पाय थोडे फाकवा. पडणार नाही तुम्ही. मी धरलंय." मग दोघंही श्वास रोखायचे. ती मागं, तो पुढं.

भरतीच्या पैशांना गल्लीत इसार म्हणत. घर घ्यायचं ठरलं की आधी हातावर ठेवतात, तसा माणसाचा इसार. त्याची सगळी वंशावळ सासऱ्यांना पाठ होती. स्टुडिओच्या पायरीवर बसून ते नव्या सुनेला सांगत.

"माझ्या आजोबांच्या वेळी कापड द्यायचे. साडेतीन हात. ना धड सदरा व्हायचा ना धड विजार. बापाच्या वेळी एक नाणं आणि एक पेला दारू. नाणं जायचं दलालाला, दारू पोराला. आमच्या वेळी तीन नाणी. त्यातलं एक कांबळ्यापोटी कापून घेत. आणि कांबळं मिळायचं ते आधी कुणीतरी वापरलेलं."

"तो आधीचा कुठं गेला मग?"

सासरे विडी विझवत. "तेवढंच कुणी विचारत नाही, सूनबाई."

ती आली तेव्हा सात नाणी मिळत होती. चार आधी, तीन सहा महिन्यांनी. ती मागची तीन कित्येकांना मिळालीच नाहीत. त्याची बोंब झाली आणि सगळी रक्कम एकदम हातावर देऊ लागले. पुढं नाण्यांच्या नोटा झाल्या. नोटांना पाकीट आलं. हे सगळं तिनं रस्त्याच्या अलीकडून पाहिलं. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सगळं शांत असलं की इसार तिथंच राहतो. वर्तमानपत्रातली अक्षरं मोठी झाली की इसारही फुगतो.

"आवळा देऊन कोहळा काढतात," शेजारचा चहावाला म्हणायचा. "आवळा मोठा दिसला की समजावं, कोहळे कमी पडायला लागलेत."

कचेरीचा एक नियम होता. सकाळी अकराला पैसे. दुपारी चारला शपथ. मधल्या वेळात मन बदललं तर रक्कम जशीच्या तशी परत करायची, नाव खोडून मिळायचं. एक नाणं जरी कमी असलं तरी नाही. नियम फाटकावर लिहिलेला होता. तो वाचून सगळ्यांना वाटे, काय भली माणसं आहेत. कोटवहिनीलाही वाटे.

लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी बेकरीत काम करणारा एक मुलगा फोटो काढून गेला. फोटोचं एक नाणं मोजून दिलं. साडेतीनला तो धापा टाकत परत आला.

"वहिनी, माझं नाणं परत द्या. फोटो नको. मला घरी जायचंय."

फोटोग्राफर गल्ल्यातली चिल्लर घेऊन कागद आणायला गेला होता. तिनं गल्ला उलटा केला. डबे उघडले. सासऱ्यांच्या उशीखाली पाहिलं. चहावाला दुकान बंद करून जेवायला गेलेला. शेवटी कोपऱ्यावरच्या मोच्याकडून नाणं मिळालं. ते घेऊन मुलगा फाटकापर्यंत पळाला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्या संध्याकाळी ती पायरीवर बसून राहिली. अकरा ते चार. पाच तास कशाला हवेत? जेवायला अर्धा तास लागतो. विचार करायला म्हणावं, तर विचार करायला कुणी बाजारात सोडत नाही. फाटकाबाहेर पडलं की समोर काय? चहा, सलून, बुटांचं दुकान आणि स्टुडिओ. पहिलं नाणं मोडायची जागा. बहुतेकांचं ते तिच्याच दारात मोडत होतं. तिनं पाठ धरलेली असतानाच.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "आजपासून शिपायांचे पैसे संध्याकाळी घ्यायचे. शपथ झाल्यावर."

"आणि नाही आले तर?"

"तर घरी गेले असतील."

"आणि माझी काच? माझा कागद?"

"तेही घरी गेले म्हणा."

गल्ली हसली. मोची म्हणाला, "कोटवहिनी, उधारीचं पोतं सव्वा हात रितं!" ती म्हणाली, "रितं तर रितं. पोतं माझं आहे ना?" फोटोग्राफर महिनाभर कुरकुरला. मग त्यानंही पाटी लिहिली. *पैसे संध्याकाळी.* अक्षर त्याचं सुरेख होतं.

काही फोटो न्यायला कुणी येत नसे. एखाद्या महिन्यात दोन, एखाद्यात पाच. फोटोग्राफर त्यांना बुडीत खातं म्हणायचा. ती ते पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हिशोबाच्या दिवशी नवऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि तिचा स्वयंपाक नेहमीपेक्षा चांगला व्हायचा.

घरात आणखी एक जण होता. फोटोग्राफरचा भाऊ, धाकटा. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चार वर्षांचा. आई नसलेला, नाक वाहणारा. ती त्याला रीतीप्रमाणं अहो-जाहो करायची. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, गादी ओली केलीत ना?" तो तिला तू म्हणायचा. तिच्या हातूनच जेवायचा. बारा वर्षांचा झाल्यावर तो लाल दिव्याच्या खोलीत काम करू लागला. काचा धुणं, कागदावर चेहरा उमटवणं, तो वाहत्या पाण्यात धरणं. त्याची बोटं पिवळी झाली. बुटांवर हायपोचे, फोटो पक्का करायच्या औषधाचे, पांढरे ठिपके पडले, ते काही केल्या जात नसत. हात मात्र सोन्यासारखा. त्यानं धुतलेला फोटो कधी पिवळा पडला नाही.

तो चोवीस वर्षांचा झाला त्या वर्षी इसार तिप्पट झाला.

फाटकावर नवा कागद लागला, खळ अजून ओली होती. चहावाला तो वाचून आला आणि काहीच बोलला नाही. त्यावरूनच तिला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. बारा वाजता स्टुडिओ भरला. ती स्टुलावर बसली ती उठलीच नाही. एकानं कोट काढावा, दुसऱ्यानं घालावा. तिनं मूठ आवळावी. बसल्या जागेवरून तिला फक्त बूट आणि पाठी दिसायच्या.

विसावी की एकविसावी पाठ होती. तिनं कोट गोळा केला आणि खाली पाहिलं. बुटांवर पांढरे ठिपके होते.

समोर फोटोग्राफर काळ्या कापडाखाली गेला होता. कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. आपला भाऊ त्याला उलटा दिसला असणार. तो बराच वेळ बाहेर आला नाही. रांगेतली मुलं चुळबुळ करू लागली.

"हलायचं नाही," शेवटी कापडाखालून आवाज आला. तो नेहमीचा आवाज नव्हता.

धाकट्याची पाठ थरथरत नव्हती. फळीसारखी ताठ होती. त्यानं ती तशी धरून ठेवली होती. ही पाठ तिनं साबण लावून घासली होती. तापात पुसली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाय थोडे फाकवा. मी धरलंय."

"माहितीये."

फोटो झाला. तो कोट काढून थेट गल्ल्यापाशी गेला. पाकिटातून एक नोट काढली आणि फळीवर ठेवली. ती मागोमाग आली.

"घे."

"संध्याकाळी."

"वहिनी, आत्ता घे. सुट्टे परत नकोत."

"संध्याकाळी द्या."

तो पुढं वाकला. हळू बोलला, पण ओठ पांढरे पडले होते. "ऐक माझं. बारा वर्षं मी जाणाऱ्यांचे चेहरे धुतोय. पाण्यात धरतो, ते माझ्याकडे बघतात आणि जातात. मी तिथंच. मलाही जायचंय. पण मी स्वतःला ओळखतो. चारपर्यंत मला धीर राहायचा नाही. तू ही नोट घेतलीस की प्रश्न मिटला."

"मिटला तर कुणाचा मिटला?"

"सगळ्यांना लावता तो नियम मलाही लावणार तुम्ही?"

तो तिला तुम्ही म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"हो," ती म्हणाली.

त्यानं नोट उचलली, पाकिटात कोंबली आणि बाहेर पडला. दार आपटलं तशी पाटी हलली.

फोटोग्राफर तिला आत घेऊन गेला. "अडव त्याला. तुझं ऐकतो तो."

"म्हणूनच नाही अडवायचं."

"अगं, तिप्पट दिलेत! तिप्पट म्हणजे काय ते तुला कळतं ना? गल्लीत सगळ्यांच्या आधी तुला कळतं."

"कळतं." ती भिंतीला टेकली. "तो जाऊ नये असं मला वाटतं. तुमच्याइतकंच वाटतं. पण लोकांच्या पोरांना मोकळं सोडलं आणि आपलं तेवढं बांधून ठेवलं, असं कसं करू?"

"मी करू?"

"तुम्ही फोटो काढा. रांग थांबलीये."

अजून चौदा पाठी बाकी होत्या. चौदा वेळा तिनं "मी धरलंय" म्हटलं. तिची बोटं आखडली. मधूनच एखादा मुलगा मागं वळून बघायचा, काय झालं म्हणून. कोट नेहमीपेक्षा घट्ट धरला जात होता.

साडेतीन वाजता धाकटा परत आला. केस नीट कापलेले. बूट चकचकीत, ठिपके तसेच. चेहरा लाल.

"या गल्लीत माणसाला पैसे देऊन एक कप चहा मिळत नाही!" तो ओरडला.

स्टुडिओ रिकामा झाला होता. ती कोटाच्या बाह्या झटकत होती. "का? दूध संपलं?"

"चार कप पाजले त्यानं! नोट पुढं केली तर म्हणतो, संध्याकाळी द्या. सलूनवाल्यानं केस कापले. पैसे? संध्याकाळी. मोच्याकडे गेलो, म्हटलं बूट विकत घेतो, सगळ्यात महाग असतील ते द्या. त्यानं माझेच बूट पायातून ओढून काढले, पॉलिश करून हातात दिले. म्हणतो, घरचा नियम घरच्या माणसाला लागू आहे. तू शिकवून ठेवलंस ना सगळ्यांना?"

"मी दिवसभर स्टुलावर होते, भाऊजी."

ते खरंच होतं. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं जे लोक तिला हसत आले होते, त्यांनी आपापल्या दुकानात बसून हे ठरवलं होतं. तिचाही हात बाहीवर थांबला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं कोटालाच पुसलं.

"कोपऱ्यापलीकडे मोठा बाजार आहे," मग ती म्हणाली. "तिथं तुम्हाला कोण ओळखतं? कुणीही घेतले असते."

धाकटा स्टुलावर बसला. तिच्याच स्टुलावर. गुडघे वर आले.

"गेलो होतो," तो म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत."

ती त्याच्यासमोर उभी राहिली. घड्याळाची टिकटिक मोठी वाटत होती.

"वहिनी, तू सांग. काय करू? तू सांगशील ते करतो."

उत्तर तिच्या जिभेवर होतं. एका शब्दाचं होतं. दुपारपासून तिनं ते चौदा पाठींमागं गिळलं होतं. आणखी एकदा गिळलं.

"घाबरलात?"

"हो."

"मग घाबरलेले राहा. त्यात काही बिघडत नाही. इथं न घाबरलेला एकही मी धरलेला नाही." तिनं त्याच्या कॉलरवरचे कापलेले केस झटकले. "आत जा नाहीतर घरी या. पण जे कराल ते अख्ख्या पाकिटानिशी करा. एका चहापायी नोट मोडली म्हणून अडकलो, असं नको."

तो उठला. दारात थांबला, पण वळला नाही. रस्ता ओलांडून फाटकात शिरला. पावणेचार झाले होते.

संध्याकाळी पाचनंतर शिपाई फोटो न्यायला येऊ लागले. डोकी भादरलेली, कान मोठे दिसत होते. कोटवहिनी गल्ल्यावर होती. आत फोटोग्राफर एकटाच कागद धूत होता आणि स्वतःशीच बडबडत होता. दोन फोटो काळे झाले, एक पुन्हा छापावा लागला. दर वेळी बाहेर पावलं वाजली की ती मान वर करायची. जो येईल त्याचं डोकं आधी बघायची.

मग मागचं दार वाजलं. कुणीतरी आत आलं. नळ मोठा झाला. थोड्या वेळानं फोटोग्राफर हात पुसत बाहेर आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"आलाय," एवढंच म्हणाला.

तिला गल्ला सोडता येत नव्हता. समोर सात जण उभे होते. तिनं पैसे घेतले, फोटो दिले, पैसे घेतले, फोटो दिले. एकाला दुसऱ्याचाच फोटो दिला. तो म्हणाला, "वहिनी, मी इतका देखणा नाही." सगळे हसले. तीही हसली आणि फोटो बदलून दिला.

शेवटी एकच उरला. उंच, खांदे पुढं आलेला. त्याचा फोटो अजून पाण्यात होता.

"एक विचारू? ते ठिपक्यांच्या बुटांचे. दुपारी इथं तुमच्याशी भांडत होते. तुमच्यापैकीच ना?"

ती सावध झाली. "माझे दीर आहेत."

"रांगेत माझ्या पुढं होते. टेबलापाशी पोचले आणि पाकीट खाली ठेवलं. म्हणाले, परत. कारकुनानं तीनदा मोजलं. रांगेतले हसले. कुणी काय काय बोललं पण."

"बोलणारच."

"मी नाही हसलो." त्यानं नोट फळीवर ठेवली आणि बोटानं सरळ केली. "माझ्याही मनात तेच होतं. पण माझ्यात एक नोट कमी होती. सकाळी कोपऱ्यापलीकडे पाव घेतला होता. भूक लागली होती हो."

कोटवहिनीला त्या नोटेला हात लावता येईना. फोटोग्राफरनं भिंतीकडे तोंड केलं. गल्ली किती लांब आहे हे तिनं कधी मोजलं नव्हतं. कोपऱ्याशी ती संपत होती.

नळ बंद झाला. लाल दिव्याच्या खोलीचं दार उघडलं. धाकटा बाहेर आला. डोळे सुजलेले, बाह्या कोपरापर्यंत वर, हातात फोटो. त्यानं सगळं ऐकलं होतं. मधली भिंत लाकडी होती. तो उंच शिपायासमोर येऊन उभा राहिला. क्षणभर दोघांनाही कुठं बघावं कळेना, म्हणून दोघंही फोटोकडे बघत राहिले.

"ओला आहे अजून," धाकटा म्हणाला. "कडांना धरा. मध्ये बोट लावू नका."

शिपायानं तो दोन्ही हातांनी, कडांना धरून घेतला. "वाळायला किती वेळ लागेल?"

"तुम्हाला आत कधी परतायचंय?"

"सातला."

धाकट्यानं घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजत होते. त्यानं भिंतीशेजारचं बाक ओढलं, स्वतः एका टोकाला बसला आणि शिपायाला जागा केली.

"सातला वाळेल," तो म्हणाला.

तो कागद दहा मिनिटांत वाळतो. कोटवहिनीला ते माहीत होतं. फोटोग्राफरलाही माहीत होतं. ती उठली आणि तीन कप चहा सांगायला शेजारी गेली.